बोहणीचा गूळ

चिंच पिकली की आधी ऐकू येते. माघ सरताना वारा सुटतो, वाळलेल्या शेंगा एकमेकींवर आपटतात आणि मूल गावातल्या आमच्या घरामागचं झाड दिवसभर खुळखुळत राहतं. हा आवाज आला की माझे पाय घरात ठरत नसत. पोती झटकायची, तराजूच्या साखळ्या तपासायच्या, टेम्पोवाल्याला फोन लावायचा. यंदा आवाज आला तेव्हा मी गॅसवरचा भात उतरवत होते. पाय हलले नाहीत. पोटातला राग तेवढा जागा झाला. त्याला ऋतू बरोबर कळतो.

मी चिंचेची व्यापारी आहे. व्यापारी हा शब्द माझा. लोक चिंचवाली म्हणतात. नवरा गेला त्या वर्षी एका टोपल्यापासून सुरुवात केली, आणि त्या टोपल्यापासून नागपूरच्या लोणचेवाल्यांपर्यंत कोणाचं बोट धरून गेले नाही. माझी जीभ तिखट आहे आणि डोकं लवकर तापतं, हे मला सांगायला कोणी येऊ नये. चिंच तोंडाला पाणी आणते अन् कुसुमबाई ते पळवते, असं बाजारात म्हणतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. भाव करणं ही माझी विद्या आहे.

पण नुसत्या जिभेवर हा धंदा होत नाही. चिंच झाडावर असते, झाड कोणाच्या तरी दारात असतं, आणि त्या दारात आधी माणूस म्हणून जावं लागतं. जंगलाकडच्या टोल्यांवर, पाच-पंचवीस घरांच्या वस्त्यांवर, टेम्पो थांबवून थेट भाव विचारणारे व्यापारी मी पाहिले आहेत. त्यांना चिंच मिळते, पण उरलेली, कीड लागलेली. मी उतरले की जोहार घालायची, अंगणात भुईवर बसायची, पाणी मागायची. तहान नसली तरी मागायची. मग मागच्या खेपेला जी गोष्ट अर्धी राहिली असेल तिथून बोलणं उचलायचं. बकरी व्याली का, नातीचा पाय बरा झाला का, घरकुलाचा हप्ता आला का. नावं लक्षात ठेवायची. कोणाच्या घरातून निघताना त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, मग ती सुईदोऱ्याची गुंडी का असेना.

नशीब माझ्याकडे कधी एकटं आलं नाही. दरवेळी कोणाच्या तरी पाठीवर बसून आलं. ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर एक बाई ओकाऱ्या येणारं लेकरू घेऊन बसली होती. सगळे लांब सरकले. मी पिशवीतून मीठ लावलेली चिंचेची गोळी काढून लेकराच्या जिभेवर ठेवली, आणि गाडी येईपर्यंत तिच्याशी बोलत बसले. तिचा भाऊ नागपूरला लोणच्याच्या कारखान्यात होता. त्या गोळीतून माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक निघालं. तेव्हापासून मी बसमध्ये खिडकीची जागा धरत नाही. मधली धरते, दोन्हीकडे माणूस मिळतो.

या सगळ्या सवयींत एक सवय मला फार प्यारी होती. गुरुवारच्या बाजारातली.

मूल-गडचिरोली रस्त्यावरच्या एका गावात हा बाजार भरतो. त्यात माझी जागा आणि गिरजाची जागा लागून आहे. गिरजा गूळ, फुटाणे, मुरमुरे विकते. आंबट बाई आणि गोड बाई, असं बाजाराची पावती फाडणारा माणूस आम्हाला म्हणायचा. गिरजा मऊ बोलणारी, गिऱ्हाइकाने भाव पाडला तर वरून मूठभर फुटाणे टाकणारी. मी तिला कितीदा म्हटलं असेल, अशानं एक दिवस तू तराजूही देऊन बसशील. ती हसायची. सकाळी पाल ठोकून झालं की बोहणी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, आम्ही एकमेकींची करायचो. ती माझ्याकडून चिंचेचा गोळा उचलायची, मी तिच्याकडून गुळाचा खडा. भाव विचारायचा नाही, वजन करायचं नाही, हाताला लागेल ते नाणं किंवा नोट द्यायची. घेणारीने ते कपाळाला लावायचं आणि तराजूखाली ठेवायचं. माझ्या उभ्या आयुष्यात घासाघीस न करता केलेला सौदा तेवढाच. गिरजाच्या हाताला गुण होता. तिची बोहणी झाली की संध्याकाळी माझी पोती रिकामी. ती आजारी पडून घरी राहिली, तर त्या गुरुवारी माझ्याकडे माशाही बसायच्या नाहीत. तीही माझ्याबद्दल हेच सांगायची. पहिलं गिऱ्हाईक दुसरंच आलं तर आम्ही त्याला म्हणायचो, थांब बापा, जरा चहा पिऊन ये.

गुळाचा खडा गालात धरून मग आम्ही बोलत बसायचो. म्हणजे मी बोलायची. आठवडाभर जी गावं पालथी घातली ती सगळी तिच्यापुढे ओतायची. मी मन मोकळं करत होते. मी एकटी राहते. संध्याकाळी घरी गेल्यावर भिंतींना काय सांगणार? मैनाबाईची गोष्ट मी गिरजाला अशीच सांगितली.

मैनाबाई मला चिंच देणारी सगळ्यात जुनी बाई. टोल्याच्या टोकाला घर, दारात प्रचंड झाड. तिचा मुलगा तिच्याशी भांडून वेगळा झाला होता. वेगळा म्हणजे त्याच घरात, त्याच छपराखाली, फक्त चूल वेगळी. झाडही वाटून घेतलं. खोड दोघांचं, उगवतीच्या फांद्या आईच्या, मावळतीच्या मुलाच्या. बांबूने चिंच झोडपताना मैनाबाईचा हात जरा मावळतीकडे गेला की सून ओट्यावरून खाकरायची. मला हसू यायचं आणि गलबलूनही यायचं. दर हंगामाला मी तिच्या अंगणात बसले की आधी हळूच विचारायची, "चूल एक झाली का वं मैनाबाई?" ती मान हलवायची. कधी म्हणायची, पोरगा परवा मीठ मागायले आला होता. मग मीठ मागितलं म्हणजे अर्धी चूल जुळली, असं आम्ही दोघी ठरवायचो. हा प्रश्न आमच्या दोघींचा होता. टोल्यावरही कोणी तो तिला विचारत नसे.

दोन वर्षांपूर्वीचा हंगाम. होळी झाली होती, पळसाची फुलं रस्त्यावर चिरडून पडली होती. चिंच अजून सोलून व्हायची असेल म्हणून मी निवांत गेले. नेहमी त्या दिवसांत टोल्यावर एक लय ऐकू येते, दारोदारी बाया टरफलं फोडत असतात, टक टक टक. सकाळचं ऊन अंगावर घेत झोडपायचं, वाघाच्या भीतीने उन्हं कलायच्या आत रानातून परतायचं, आणि मग अंगणात बसून चिंचोके काढायचे. बोटं काळी पडतात, नखाजवळ चीर असेल तर आंबट तिच्यात शिरून डोळ्यांत पाणी येतं. त्या दिवशी टोला गप्प होता. अंगणांत टरफलांचे ढीग होते, चिंच नव्हती. मला वाटलं, अवकाळी पावसाच्या भीतीने आत नेऊन ठेवली असेल.

मैनाबाईने पाणी आणलं आणि म्हणाली, "आता कायले आली, बाई? तुह्या जवायानं नेली ना सारी."

मला मूलबाळ नाही. जावई कुठून येणार?

मग हळूहळू सगळं कळलं. पिकअप घेऊन एक पोरगा आला होता. कुसुमबाईचा जावई, तिनंच धाडलं, म्हणाला. दारोदारी जोहार घातला, भुईवर बसला, पाणी मागितलं. एकीला बकरीचं विचारलं, एकीला नातीच्या पायाचं. आणि मैनाबाईच्या अंगणात बसून, हळू आवाजात, जसं मी विचारते अगदी तसं, त्याने विचारलं होतं, चूल एक झाली का?

पाण्याचा पेला माझ्या हातातच राहिला. ती गोष्ट मी जगात एकाच माणसाला सांगितली होती.

गिरजाची मुलगी ज्याला दिली तो जावई वर्षभर सासरीच पडून होता. कंपनीतलं काम सुटलेलं, पोरगी रडायची, गिरजा जेवायला वाढायची आणि गप्प बसायची. हेही मला गिरजानेच सांगितलं होतं, गूळ चघळत. तेव्हा मीच म्हटलं होतं की याला काहीतरी धंद्याला लाव. त्याने माझा धंदा उचलला. गावं माझी, रस्ते माझे, नावं माझी, बसण्याची तऱ्हासुद्धा माझी. चोर तिजोरी फोडतो तेव्हा निदान कुलूप तुटल्याचा आवाज होतो. इथे मी दर गुरुवारी स्वतःच्या तोंडाने एकेक चीज काढून देत होते, आणि वर तिचा गूळ खात होते.

पुढच्या गुरुवारी मी पाल ठोकायच्या आधी गिरजापुढे उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, गुळाच्या ढेपेवरच्या माशा हाकलत खाली बघत राहिली. मग म्हणाली, "मी त्याले काही शिकवलं नाई. घरी जेवाले बसलो का मी तुह्या गोठी सांगत जाऊ. माणूस गोठी घरी नाई सांगंन तं कुठी सांगंन?"

हेच मला जास्त लागलं. तिने माझी गावं विकली असती तर मी समजू शकले असते, विकणं-घेणं मला कळतं. तिने ती फुकट वाटली, भातावर तूप वाढावं तशी.

जागा मी सोडली नाही. तिनेही नाही. बाजारात जागा सोडणं म्हणजे हरणं. दोन हंगाम आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. गिऱ्हाइकं चिंच घेऊन गुळाकडे वळायची तेव्हा आमच्या दोघींच्या मधून जायची, आणि आम्ही दोघी वेगवेगळ्या दिशांना बघायचो. पावती फाडणाऱ्याचे विनोद बंद झाले. एक गोष्ट मात्र गिरजाने सोडली नाही. पाल ठोकून झालं की ती कागदाच्या कपट्यावर गुळाचा एक खडा ठेवायची, माझ्या आणि तिच्या पोत्याच्या मधल्या रिकाम्या पट्टीत. बोलायची नाही. मी त्या कागदाकडे बघायची नाही. दुपारपर्यंत मुंग्या लागायच्या, संध्याकाळी तो काळाभोर व्हायचा. माझी बोहणी जो येईल त्याच्या हातची होऊ लागली. धंदा बसला असं नाही म्हणणार. दुसरी गावं धरली, चिंच मिळवली. पण नव्या अंगणात पाणी मागताना घसा खरंच कोरडा पडायला लागला. समोरच्या बाईच्या सुनेचं नाव विचारावं आणि मध्येच वाटावं, हे मी कोणाच्या जावयासाठी गोळा करते आहे? बसमध्ये मी खिडकीची जागा धरू लागले.

तर यंदा झाड खुळखुळलं आणि चार दिवस मी घरातच फिरले. पाचव्या दिवशी टेम्पो न घेता, नुसती पिशवी घेऊन, मैनाबाईच्या टोल्यावर गेले. मला चिंच नको होती. मला एकच ऐकायचं होतं: की त्या बाया फसल्या. माझं नाव ऐकून त्यांनी चिंच दिली. एवढं त्यांच्या तोंडून ऐकलं असतं तर माझा राग एका जागी बसला असता.

मैनाबाई उगवतीच्या फांद्यांखाली बसून चिंचोके काढत होती. जरा वाकली आहे आता. मी बसले. तिने पाणी दिलं. मी विचारलं, तो पोरगा अजून येतो का? येतो म्हणाली. मी म्हटलं, तुम्ही साऱ्या भोळ्या, माझं नाव घेतलं अन् फसल्या.

ती काम करत राहिली. एक चिंचोका, दुसरा चिंचोका.

"पयल्या खेपेले फसलो," ती म्हणाली. "दुसऱ्या खेपेले मालूम होतं का तो तुहा कोणी नाई."

"मंग काऊन देल्ली?"

तिने बोटं लुगड्याला पुसली. "राग नको धरू, बाई. तू येते, बसते, माह्या घरातलं विचारते. मले बरं वाटते. मंग तू भाव बोलते, अन् माह्यं तोंड उघडत नाई. जिनं चुलीचं विचारलं तिच्यासंगं पैशासाठी कसं भांडाचं? त्या पोट्ट्यानं बी विचारलं, पण तो काही माहा कोणी लागत नाई. त्याच्यासंगं भांडता येते. बाया मिळून भांडतो आम्ही. भाव वाढवून देते तो."

मी उठले. पाणी अर्धं राहिलं होतं, ते तसंच ठेवलं. म्हणजे मी बसायची, विचारायची, आठवण ठेवायची, ते यांना तोंडाला बांधलेल्या फडक्यासारखं वाटत होतं? मी खोटं कधीच विचारलं नव्हतं. चूल एक व्हावी असं मला खरंच वाटत होतं, आणि भावही मला खरंच पाडायचा होता. दोन्ही खरं होतं. एकाच तोंडाने माणूस घास खातो आणि शिवीही देतो, त्यात लबाडी कसली? मी पायवाटेने निघाले तेव्हा कान तापले होते. आधी एकीने लुटलं आणि आता दुसरीने लुटल्याचं दुःखही ठेवू दिलं नाही.

मागून मैनाबाईने हाक मारली. मी वळले नाही. तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "चूल एक नाई झाली अजून. पण सुनेनं माह्या चिंचेचे टरफल उचलून फेकले, काल."

हे तिने मला का सांगितलं? चिंच तर ती मला देणार नव्हती. रस्त्यावर येऊन जीप मिळेपर्यंत मी याच गोष्टीवर संतापत राहिले. टरफलं फेकली म्हणजे पाव चूल जुळली, असं कोणीतरी मनात म्हणत होतं, आणि मी त्याला गप्प करत होते.

गुरुवार आला. पाल ठोकून झालं. धुकं नव्हतं, पण सकाळ अजून गार होती. पलीकडे सुकट मांडणाऱ्या बाया शाली गुंडाळून बसल्या होत्या. गिरजाने कागदाचा कपटा काढला, गुळाचा खडा ठेवला आणि मधल्या पट्टीत सरकवला. एका पोराने येऊन फुटाणे मागितले, तर त्याला म्हणाली, थांब बापा, बोहणी व्हायची हाय. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही दोन हंगाम अशीच पहिलं गिऱ्हाईक थांबवून ठेवत आली असणार. माझी पाठ होती, मी बघितलंच नव्हतं.

मी वळले. खडा उचलला. हातात जोखला.

"कितीले?"

गिरजाने चमकून वर पाहिलं. बोहणीला भाव नसतो, हे मला तिने काय सांगावं. तिच्या डोळ्यांत आधी आनंद होता, मग तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचला. मी तिला परकं गिऱ्हाईक करून टाकलं होतं. क्षणभर तिचं तोंड उतरलं. मग गिरजाने, मऊ बोलणाऱ्या, वरून फुटाणे टाकणाऱ्या गिरजाने, बाजारभावाच्या दुप्पट भाव सांगितला.

"येवढा महाग काऊन? सोन्याचा हाय का?"

"दोन हंगाम मांडून ठेवला. मुंग्यांनं खाल्ला तो कोण भरंन?"

"मुंग्यांसंगं मुंग्यांचं पाह्य तू. तुह्या जवायानं माह्यं अख्खं गाव खाल्लं, ते वजा कर आधी."

"गाव काही तुह्या बापाचं नोहोतं. पोरगी माही उपाशी होती तवा तू काय म्हणली? धंद्याले लाव म्हणली."

"माह्या धंद्याले नाई म्हणली मी."

सुकटवाल्या बाया शाली सोडून वळून बघू लागल्या. फुटाणे मागणारा पोरगा तोंड उघडं टाकून उभा होता. आमचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात असणार, कारण पावती फाडणारा लांबूनच थबकला. मी भाव पाडत होते, ती चढवत होती. मी तिला म्हटलं, तुझा गूळ काळा आहे. ती म्हणाली, तुझ्या मनाएवढा नाही. इतक्या वर्षांत मी तिला कधी भाव करताना समोरून पाहिलंच नव्हतं. चांगली करते. एक पायरी उतरायची तर समोरच्याला दोन उतरवल्याशिवाय उतरत नाही. मी ज्या भावाला आले तो मी कोणालाही दिला नसता. तिनेही ज्या भावाला सोडलं, तो तिने दुसऱ्या कोणाला सोडला नसता, असं मला वाटतं. नक्की सांगता येत नाही.

मी नोट दिली. तिच्या हाताकडे बघत राहिले.

तिने ती कपाळाला लावली नाही. कोणत्याही गिऱ्हाइकाची ठेवतात तशी गुडघ्याखाली सारली. पदराने घाम पुसला, माझ्या पोत्यांकडे बघितलं, आणि म्हणाली, "चिंच कशी देल्ली?"

मी बाजारभावाच्या दुप्पट सांगितला.